शेंडेनक्षत्राच्या भेटीस

२०२४ च्या दसऱ्यानंतरची गोष्ट. सूर्यास्त झाल्यावर पश्चिमेस, क्षितिजाच्या थोडा वर, एक धूमकेतु दिसूं लागला होता. त्सुचिनशान-ॲटलास असें त्याचें जोडनांव. वर्तमानपत्रांतून त्याचीं छायाचित्रें आलीं, आणि दुसऱ्याच दिवशीं आमच्या शेजारच्या वहिनी भाजी निवडतां निवडतां, सहज विचारल्यासारखें करून म्हणाल्या, "भाऊजी, तें शेंडेनक्षत्र आहे तोंवर मुलीचा साखरपुडा करावा, कीं दिवाळीनंतर बघावं? तुम्ही आकाशावर लिहितां म्हणून विचारतें. माझा नाहीं हो विश्वास. पण सासूबाईंच्या मनांत आलं आहे." वहिनी स्वतः महाविद्यालयांत रसायनशास्त्र शिकवितात. शंका सासूबाईंची, हें मीं मुकाट्यानें मान्य केलें.

त्यांस मीं जें उत्तर दिलें तें दोन वाक्यांचें होतें, आणि साखरपुडा ठरल्या दिवशीं झाला. परंतु त्या प्रश्नानें माझ्या मनांत जें ढवळलें गेलें तें दोन वाक्यांत मावण्याजोगें नव्हतें. ह्या सदरांत ग्रहणें, युति, उल्कावर्षाव ह्यांविषयीं मी नेहमीं लिहितों. शेंडेनक्षत्राविषयीं लिहिण्याचें मात्र टाळीत आलों. त्यास एक घरगुती कारण आहे, तें वाचकांनीं प्रथम ऐकून घ्यावें.

माझ्या आजीचें माहेर गुलमंडीजवळच्या एका वाड्यांत होतें. शहराचें नांव तेव्हां औरंगाबाद, आणि राज्य निजामाचें. शके १८३२ च्या वैशाखांत, म्हणजे १९१० च्या मे महिन्यांत, तिच्या थोरल्या बहिणीचें लग्न ठरलें होतें. बहीण अकरा वर्षांची, आजी सात. त्याच महिन्यांत पहांटेच्या वेळीं पूर्वेस हॅलेचा धूमकेतु लांबलचक पुच्छ उभारून दिसूं लागला. एवढ्यानें भागलें असतें तर कदाचित् एखादी शांति करून लग्न पार पडलें असतें. परंतु तशांत पाश्चात्य विद्वानांकडूनच बातमी आली, कीं त्या पुच्छांत सायनोजन नांवाचा विषारी वायु सांपडला असून १८-१९ मेच्या सुमारास पृथ्वी त्या पुच्छांतून जाणार आहे! युरोप-अमेरिकेंत लोकांनीं खिडक्यांच्या फटी बुजविल्या. धूमकेतूच्या विषावर उतारा म्हणून गोळ्या विकून कित्येकांनीं पैसे केले. इकडे वराकडील वडीलधाऱ्यांनीं लग्न पुढें ढकललें. तो दिवस आला आणि गेला. कोणास शिंकसुद्धां आली नाहीं. परंतु पुढें ढकललेलें लग्न पुढच्या वर्षीं मोडलें. जिच्या लग्नाच्या वेळीं शेंडेनक्षत्र उगवलें ती मुलगी सून म्हणून नको, असें त्या घरीं ठरलें. तेराव्या वर्षीं ती एका चाळिशीच्या बिजवरास दिली गेली, आणि विशी गांठण्यापूर्वींच बाळंतपणांत वारली. आजी ही हकीकत सांगे ती रडून नव्हे. भाऊबंदकींतला जुना दावा सांगावा तशी सांगे. "त्या शेंडीवाल्यानं माझी ताई नेली," एवढें म्हणून ती पुन्हां वाती वळूं लागे.

हें भय म्हणजे निव्वळ अडाणीपणा, असें म्हणून मोकळें होणें सोपें आहे, पण तें न्याय्य होणार नाहीं. वराहमिहिरानें बृहत्संहितेंत केतुचारावर एक सबंध अध्याय लिहिला आहे. केतु किती ह्याविषयीं पूर्वाचार्यांचा मतभेद त्यानें नमूद केला आहे. कोणी एकशें एक मानितात, कोणी सहस्र, आणि नारदाच्या मतें केतु एकच, तोच नाना रूपें घेतो. परंतु ह्या सर्वांच्या आधीं, अध्यायाच्या आरंभींच, एक प्रांजळ कबुली आहे: केतूचा उदय व अस्त गणितानें कळत नाहीं. मला वाटतें, सगळ्या भयाचें मूळ तेथें आहे. ग्रहणही दिसावयास कांहीं कमी भयंकर नसतें. पण तें पंचांगांत आधीं छापलेलें असतें, आणि आपण स्पर्श-मोक्षाच्या वेळा पाहून स्वयंपाकाची व्यवस्था करतों. तिथि न कळवितां येतो त्यास आपण अतिथि म्हणतों. आकाशांतला हा अतिथि मात्र कोणासच नको होता. आमच्या शहराहून कन्नडचा घाट उतरलें कीं चाळीसगांवाजवळ पाटण लागतें. देवगिरीच्या सिंघण यादवाच्या काळीं भास्कराचार्यांच्या ग्रंथांचें अध्यापन चालावें म्हणून त्यांचा नातू चांगदेव ह्यानें तेथें मठ स्थापिल्याचा शिलालेख आहे. ग्रहांचें गणित ह्या मुलुखांत इतक्या निष्ठेनें जपलें गेलें. केतु तेवढा त्या गणिताबाहेर राहिला.

बाहेर राहूनही तो आमच्या डोक्यावरून जात मात्र होता. १३०१ मध्यें हॅलेचा धूमकेतु आला तेव्हां देवगिरीवर रामदेवराव राज्य करीत होता, आणि अल्लाउद्दीनाची पहिली स्वारी होऊन पांच वर्षें लोटलीं होतीं. तिकडे इटलींत ज्योत्तो नांवाचा चित्रकार होता. त्यानें पुढें चार-पांच वर्षांनीं ख्रिस्तजन्माचें चित्र काढतांना गोठ्याच्या छपरावर ठराविक तारा न काढतां जळत्या शेपटीचा गोळाच काढला. (ज्योत्तोचें नांव वाचकांनीं लक्षांत ठेवावें, तें पुढें लागणार आहे.) १६८० च्या अखेरीस दुसराच एक प्रचंड धूमकेतु आला. १६८१ च्या जानेवारींत रायगडावर संभाजीमहाराजांचा राज्याभिषेक झाला तेव्हां तो आकाशांत होता. न्यूटनानें ज्या धूमकेतूची कक्षा गणितानें काढून दाखविली तो हाच. आणि १६८२ च्या सप्टेंबरांत हॅलेचा धूमकेतु पुन्हां उगवला, त्या वेळीं मराठ्यांचें राज्य बुडविण्याच्या इराद्यानें दक्षिणेंत उतरलेला औरंगजेब, आज ज्यास संभाजीमहाराजांचें नांव आहे त्याच ह्या शहरीं मुक्कामास होता. अपशकुन बादशहास झाला कीं मराठ्यांस, हें ज्यानें त्यानें आपापल्या पक्षाप्रमाणें ठरवावें. धूमकेतूस दोन्ही पक्ष सारखेच.

त्याच धूमकेतूकडे लंडनजवळून एडमंड हॅले पाहत होता. १५३१, १६०७ व १६८२ ह्या सालांचे धूमकेतु निराळे नसून एकच आहेत असें त्यानें १७०५ मध्यें छापून प्रसिद्ध केलें, व १७५८ मध्यें तो परत येईल असें सांगितलें. स्वतः हॅले १७४२ मध्यें वारला. १७५८ च्या नाताळच्या रात्रीं धूमकेतु दिसला. मराठ्यांचे घोडे अटकेस पोहोंचले तें हेंच वर्ष. अतिथीची तिथि ठरली ती अशी.

आतां १९८६. हॅलेचा धूमकेतु पुन्हां येणार म्हणून मी महाविद्यालयांतल्या मुलाच्या उत्साहानें दुर्बीण मागून आणली होती. आजी तेव्हां त्र्यायशी वर्षांची. एका डोळ्याचा मोतीबिंदू काढलेला, दुसऱ्याचा पिकत आलेला. ती म्हणाली, "मलाही ने. त्याला एकदां बघायचाय." वडील नको म्हणत होते, आई तर रागावलीच, पण मार्चच्या १४ तारखेस, शुक्रवारीं, भल्या पहांटे मित्राच्या जीपमधून आम्ही तिला पैठणच्या रस्त्यावर शहराबाहेर नेलें. अंगावर दोन शाली, हातांत काठी. आग्नेयेस धूमकेतु होता. परंतु १९१० चा थाट ह्या खेपेस त्याच्याजवळ नव्हता. दुर्बिणीस डोळा लावून आजी बराच वेळ उभी राहिली. मग म्हणाली, "मला कांहीं दिसत नाहीं रे. कसा आहे तो?" मीं सांगितलें, "कापसाच्या बोळ्यासारखा, जरासा फिकट. खालून वर पुसट रेघ." ती थोडा वेळ गप्प राहिली आणि म्हणाली, "एवढासाच?"

त्याच पहांटे, घड्याळांत ५ वाजून ३३ मिनिटें झालीं तेव्हां, युरोपीय अवकाशसंस्थेचें 'ज्योत्तो' नांवाचें यान त्या कापसाच्या बोळ्याच्या आंत शिरून त्याच्या गाभ्यापासून अवघ्या ५९६ किलोमीटरांवरून गेलें. आम्हांस हें पुढें वर्तमानपत्रांतून कळलें. यानाचें नांव त्या चित्रकाराचेंच. धूमकेतु आणि यान एकमेकांसमोरून सेकंदास ६८ किलोमीटर ह्या वेगानें आलीं, त्यामुळें तांदळाएवढा धूलिकणही बंदुकीच्या गोळीपेक्षां भयंकर. यानाचा कॅमेरा त्या माऱ्यानें निकामी झाला. पण तत्पूर्वीं त्यानें छायाचित्रें धाडलीं होतीं. त्यांत काय दिसलें? सुमारें १५ किलोमीटर लांबीचा, बटाट्यासारखा वेडावांकडा, कोळशासारखा काळा एक दगड, आणि त्याच्या उन्हाकडील बाजूनें निघणारे वाफेचे व धुळीचे फवारे. आकाशाचा चतुर्थांश व्यापणारें तें पुच्छ एवढ्याशा ढेकळांतून निघतें! त्या वर्षाच्या पावसाळ्यांत आजी गेली. तें छायाचित्र तिला दाखवावयाचें राहून गेलें, ह्याची मला अजून चुटपुट आहे.

तथापि ज्योत्तोची भेट म्हणजे आगगाडीच्या खिडकींतून स्टेशनावरचा माणूस पाहण्यासारखी झाली. ओळख व्हावयाची तर शेजारीं बिऱ्हाड करून राहिलें पाहिजे. तें काम 'रोझेटा' यानानें केलें, आणि त्याची कथा मला फार आवडते. कारण तिच्यांतही एक मोडलेलें लग्न आहे.

१७९९ मध्यें इजिप्तांत रोझेटा गांवीं सांपडलेल्या शिळेवर एकच मजकूर तीन लिप्यांत कोरलेला होता, व तिच्यामुळें त्या देशाची विसरलेली चित्रलिपि वाचतां आली. सूर्यमालेच्या आरंभींची लिपि धूमकेतूच्या बर्फांत तशीच गोठून राहिली आहे, ती वाचावयाची, म्हणून हें नांव. मोहिमेस मंजुरी १९९३ ची. स्थळ ठरलें होतें विर्टानेन नांवाच्या धूमकेतूचें, मुहूर्त जानेवारी २००३ चा. परंतु २००२ च्या डिसेंबरांत त्याच जातीचा एक अग्निबाण उड्डाणांत नष्ट झाला, म्हणून प्रयाण पुढें ढकलावें लागलें, आणि तेवढ्यांत विर्टानेन आवांक्याबाहेर गेला. शास्त्रज्ञांनीं यानास पांढऱ्या पायाचें ठरविलें नाहीं. त्यांनीं दुसरें स्थळ शोधलें. तें चुर्यूमोव-गेरासिमेंको ह्या धूमकेतूचें.

ह्या लांब नांवांत दोन माणसें आहेत. १९६९ च्या सप्टेंबरांत स्वेतलाना गेरासिमेंको ह्या तरुण ज्योतिषी बाईंनीं अल्मा-आता येथें दुसऱ्याच एका धूमकेतूसाठीं छायाचित्राची कांच घेतली होती. पुढें कीव्ह येथें क्लिम चुर्यूमोव ती तपासूं लागले, तेव्हां ज्यास आपण अपेक्षित धूमकेतु समजलों तो आपल्या जागेपासून जवळजवळ दोन अंश बाजूस आहे, असें त्यांस आढळलें. म्हणजे तो तो नव्हेच! हिशेब न जुळल्यावर 'असेल कांहीं चूक' म्हणून कांच बाजूस ठेवणारे लोकच जगांत अधिक. हा धूमकेतु दहा वर्षें आधीं गुरूच्या जवळून जातांना त्याच्या ओढीनें सूर्याच्या अधिक जवळच्या वाटेस लागला होता, आणि आतां सुमारें साडेसहा वर्षांत एक फेरी करतो.

२ मार्च २००४ रोजीं दक्षिण अमेरिकेंतील फ्रेंच गयानामधून रोझेटा निघालें. वजन तीन टन, त्यांतलें निम्म्याहून अधिक इंधन. एवढ्यानेंही धूमकेतूचा वेग गांठतां येत नाहीं. म्हणून पृथ्वीजवळून तीनदां व मंगळाजवळून एकदां जाऊन त्यांच्या ओढीचा हात धरून वेग वाढवावा लागला. दहा वर्षें आणि ६४० कोटि किलोमीटर असा तो प्रवास झाला. सूर्यापासून फार दूर गेल्यावर प्रकाशपंख पुरेशी वीज देईनात, तेव्हां जून २०११ मध्यें यानास निजविलें, आणि एकतीस महिन्यांनीं उठावयाचें म्हणून त्याच्याच पोटांतल्या घड्याळास गजर लावून दिला. २० जानेवारी २०१४ च्या रात्रीं जर्मनींतील डार्मस्टाट येथें मंडळी पडद्याकडे डोळे लावून बसली होती. हाक यावयाची वेळ टळत चालली. आपल्याकडील ११ वाजून ४८ मिनिटांनीं पडद्यावरच्या सपाट रेघेंत एक बारीक टोंक वर आलें. यान उठलें होतें! शाळेच्या दिवशीं मुलांस उठविणाऱ्या मातांस त्या मंडळींचा जीव कसा झाला असेल हें मीं सांगावयास नको.

६ ऑगस्ट २०१४ रोजीं यान धूमकेतूपाशीं पोहोंचलें, आणि प्रथमच कोणी धूमकेतु गोल गोल फिरून, सर्व बाजूंनीं न्याहाळूं लागलें. आकार भुईमुगाच्या दोन दाण्यांच्या शेंगेसारखा: मोठा गोळा चार किलोमीटरांवर, लहान अडीच किलोमीटरांवर, मध्यें आंवळलेली मान. दोन निरनिराळे गोळे फार पूर्वीं हलके हलके एकमेकांस टेकून चिकटून बसले, असा निष्कर्ष निघाला. रंग कोळशाचा. वस्तुमान हजार कोटि टनांचें, परंतु आंतून इतका पोकळ-सच्छिद्र कीं पाण्याच्या निम्म्या घनतेचा. नाथसागरांत टाकतां आला असता तर तरंगला असता. यानावर वायु हुंगणारें एक उपकरण होतें. त्यानें ह्या देखण्या पुच्छवाल्याचा जो वास कळविला तो असा: नासकीं अंडीं, घोड्यांचा तबेला, आणि त्यांत कडू बदामाची झांक. ती बदामाची झांक हायड्रोजन सायनाइडची. म्हणजे १९१० मध्यें ज्या सायनोजनानें लग्नें मोडलीं त्याच्या भावंडास प्रत्यक्ष जागेवर जाऊन हुंगलें गेलें. विष खरें होतें. प्रमाण खोटें होतें. धूमकेतूचें पुच्छ इतकें विरळ असतें कीं आपल्या स्वयंपाकघरांतल्या हवेच्या मानानें तें निर्वातच म्हणावें. ज्या विद्वानांनीं वायु ओळखला त्यांतल्या बहुतेकांस हेंही ठाऊक होतें. परंतु बातमीचा पूर्वार्ध घोड्यावर बसून गेला आणि उत्तरार्ध पायीं निघाला.

धूमकेतूवर उतरावयाचें तें 'फिली' नांवाच्या शंभर किलोंच्या पेटीनें. तेथील ओढ इतकी क्षीण, कीं ह्या शंभर किलोंचें वजन तेथें सुमारें एक मासा भरावें. सोनाराच्या ताजव्यांत घालावें एवढें! म्हणून पेटीस जमिनींत रुतणारे भाले दिले होते. १२ नोव्हेंबर २०१४ च्या रात्रीं मी व माझी धाकटी मुलगी, तेव्हां नऊ वर्षांची, संगणकावर तो सोहळा पाहत होतों. पृथ्वीपासून अंतर ५१ कोटि किलोमीटर, संदेश येण्यास अठ्ठावीस मिनिटें. म्हणजे जें घडावयाचें तें आधींच घडून गेलेलें. ९ वाजून ३३ मिनिटांनीं तिकडे टाळ्या वाजल्या, लोक एकमेकांच्या गळां पडले. धाकटी उड्या मारूं लागली. थोड्या वेळानें कळलें कीं भाले सुटलेच नाहींत. पेटी टेकली ती चेंडूसारखी उसळली, एक किलोमीटरच्या आसपास उंच गेली, जवळजवळ दोन तास अधांतरीं राहिली, आणि शेवटीं कोठल्या तरी कड्याच्या सांवलींत तिरपी अडकून बसली. तेथें ऊन अगदीं थोडें. आंतली बॅटरी साठ तासांच्या आसपास पुरली. तेवढ्यांत पेटीनें वास घेतले, ठोकून जमिनीचा कठीणपणा पाहिला, छायाचित्रें काढलीं, सर्व लिहून पाठविलें आणि १५ तारखेच्या पहांटे ती गप्प झाली. सकाळीं दूध पितां पितां धाकटीनें विचारलें, "बाबा, मग तो आतां तिथं एकटाच?" त्या प्रश्नास माझ्याजवळ शास्त्रीय उत्तर नव्हतें. पण मला आजीची आठवण झाली. एकाच घरांत, शंभर वर्षांच्या आंतबाहेर, एका मुलीनें धूमकेतूचा धसका घेतला आणि दुसरीस धूमकेतूवर राहिलेल्याची काळजी लागली.

सात महिन्यांनीं, धूमकेतु सूर्याजवळ आल्यावर, फिली अकस्मात् पंचाऐंशी सेकंद बोललें. धाकटीनें ही बातमी वर्गांत फळ्यावर लिहिली. जुलै २०१५ नंतर तो आवाज आला नाहीं. २ सप्टेंबर २०१६ रोजीं रोझेटानें जवळून काढलेल्या छायाचित्रांत कड्याच्या खांचेंत, एक पाय वर केलेली ती पेटी सांपडली.

विद्वानांस ह्या मोहिमेंत काय मिळालें तें थोडक्यांत सांगतों. तेथील पाण्यांत जड हायड्रोजनाचें प्रमाण आपल्या समुद्राच्या तिप्पट निघालें. तेव्हां आमचे समुद्र अशाच धूमकेतूंनीं भरले, ही आवडती कल्पना बरीच ढिली पडली. उलटपक्षीं ग्लायसीन हें साधें अमिनो आम्ल व फॉस्फरस हीं तेथें सांपडलीं. जीवाचें बांधकाम-साहित्य आकाशांत तयार पडलेलें असतें एवढें त्यावरून म्हणतां येतें. बांधकाम कोणीं व कसें केलें हा प्रश्न उरतोच, आणि जे लोक एवढ्यावरून धूमकेतूंतून जीव आले असें धडाक्यानें सांगतात त्यांच्या घाईचें मला नवल वाटतें.

३० सप्टेंबर २०१६ रोजीं खुद्द रोझेटासच हलके धूमकेतूवर टेकविण्यांत आलें. दूर जातांना वीज पुरणार नव्हती. मिटून जाण्यापेक्षां शेवटपर्यंत पाहत जावें असें ठरलें. आपल्याकडे दुपारचे ४ वाजून ४९ मिनिटें झालीं तेव्हां ती रेघ पुन्हां सपाट झाली. तो दिवस सर्वपित्री अमावास्येचा. आमच्याकडे पानें नुकतींच उठलीं होतीं. माझे वडील महालयांत आपल्या मावशीचें नांव घेत. त्यांच्या मागें मी घेतों. नामावळींत तें कितपत बसतें ह्याची चौकशी आमच्या गुरुजींनीं केली नाहीं, व मींही करविली नाहीं. पुढच्याच महिन्यांत चुर्यूमोव निवर्तले.

आपल्या देशानें धूमकेतूकडे यान धाडलेलें नाहीं; पण एक धूमकेतु आपल्या यानाकडे आला होता. मंगळयान मंगळाभोंवतीं फिरूं लागून महिनाही झाला नव्हता तोंच, १९ ऑक्टोबर २०१४ रोजीं, सायडिंग स्प्रिंग नांवाचा धूमकेतु मंगळापासून सुमारें एक लाख चाळीस हजार किलोमीटरांवरून गेला. चंद्र आपल्यापासून जितका दूर त्याच्या निम्म्याहूनही जवळून! इस्रोनें यानास मंगळाच्या आडोशास नेऊन धुळीपासून वांचविलें. पुढें २०२२ मध्यें त्या यानाशीं संपर्क तुटला. तोंपर्यंत सहा महिन्यांच्या बोलीवर गेलेला हा पाहुणा आठ वर्षें राहिला होता.

भय सर्वस्वी टाकून द्यावें असें मात्र मी म्हणत नाहीं. आमच्या शहराहून एका दिवसांत जाऊन येण्याजोगें लोणार आहे. काळ्या पाषाणांत जवळजवळ दोन किलोमीटर रुंदीचा तो खड्डा आकाशांतून पडलेल्या अशनीनेंच झाला. डॉ. जयंत नारळीकरांच्या 'धूमकेतू' ह्या कथेंत पृथ्वीवर चालून येणाऱ्या धूमकेतूस यान धाडून वाटेंतून बाजूस सारतात. तेव्हां ती कल्पना होती, आज तिच्यावर सरकारें पैसा खर्च करतात. भ्यावयाचें तर मोजून भ्यावें. मुलींचीं लग्नें मोडून नव्हे.

युरोप व जपान मिळून आतां आणखी एक यान तयार करीत आहेत. २०२९ च्या सुमारास तें सोडण्याचें योजिलें आहे. गंमत अशी कीं त्याचा धूमकेतु अजून ठरलेलाच नाहीं! पृथ्वीपासून पंधरा लक्ष किलोमीटरांवर जाऊन तें थांबून राहणार, आणि सूर्याकडे पहिल्यानेंच येणारा एखादा धूमकेतु दिसला म्हणजे त्याच्या वाटेवर जाऊन उभें राहणार. वराहमिहिराचा गणितांत न सांपडणारा केतु तो हाच. त्याच्यासाठीं ह्या खेपेस दारांत पाट मांडून ठेवावयाचा आहे.

आणि जुना हॅले? तो नेपच्यूनच्या पलीकडचें टोंक गांठून डिसेंबर २०२३ मध्यें परतीस लागला. जुलै २०६१ मध्यें तो सूर्याजवळ येईल. धाकटी तेव्हां छपन्न वर्षांची असेल. लहानपणीं तिनें तें साल स्वयंपाकघरांतल्या कॅलेंडराच्या पाठीमागें पेन्सिलीनें लिहून ठेवलें होतें. कॅलेंडर दरवर्षीं बदलतें हें ध्यानांत आल्यावर कपाटाच्या दाराच्या आंतल्या बाजूस लिहिलें. घरास रंग देतांना तेवढी जागा आम्हीं सोडली.